गॅस सरत नसते

मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडीतली हवा बदलली. आधी वाटलं, ऊनच एवढं आहे की एसी कमी पडतोय. मी पंखा दोनवरून चारवर नेला. हवा जोरात आली, पण गरम.

मे महिना, दुपारचे बारा. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर कुणी त्याची बातमीही करत नाही. मागच्या सीटवर बाबा होते. दीड वर्षापूर्वी त्यांची बायपास झाली आहे आणि त्या दिवशी नागपूरला तपासणीची तारीख होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना उन्हात फिरवू नका. अंगातलं पाणी कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, वरून घाम गेला की रक्तदाब खाली येतो.

काचा खाली केल्या तर झळा आत येत होत्या. वर केल्या तर गाडीची भट्टी होत होती. आईनं बाटलीतलं पाणी ओतून दुपट्टा भिजवला आणि बाबांच्या डोक्यावर टाकला. पाच-सात मिनिटांत तो वाळायचा, ती पुन्हा भिजवायची. बडनेरा येईपर्यंत बाबा बोलायचे थांबले होते. डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून नुसते बसले होते. आयुष्यभर शाळेत बोलत आलेला माणूस गप्प बसला की घरातल्यांना कळतं. मी एका ढाब्याच्या सावलीत गाडी लावली, नागपूरला फोन करून पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आणि ऊन उतरल्यावर आम्ही परत फिरलो.

परतताना मला राग येत होता तो स्वतःचा. हा तिसरा उन्हाळा होता. दोन वर्षांपूर्वी एसी थंड होईना म्हणून मी एका दुकानात २,२०० रुपयांचा गॅस भरून घेतला. तो उन्हाळाभर पुरला. गेल्या वर्षी २,५०० रुपयांचा भरला, तो मेअखेरीस गेला. यंदा मार्चमध्ये २,८०० रुपये दिले आणि दोन महिन्यांत हे असं. तिन्ही वेळा दुकानदार म्हणाला, “गॅस संपला होता मॅडम, टाकून दिला.” तिन्ही वेळा मी मान डोलावली. पुण्यातल्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. प्रत्येक घटनेचं कारण शोधायला पोरांना सांगते. पण गॅस संपतो म्हणजे नेमका जातो कुठे, हे तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेले. या वेळी निकाल वेगळा होता. “कॉम्प्रेसरच लागत नाहीये. गेला. २२,००० धरून चाला.” बाबांची गाडी २०११ची, लहान हॅचबॅक. तिला २२,००० घालायचे का, यावर घरी चर्चा झाली. मग बाबांना त्यांच्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्यानं जुन्या एमआयडीसी रस्त्याकडच्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, बाहेर कडुनिंब. साठीच्या आसपासचे काका. बाबांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि शेवटी नेहमीचं वाक्य टाकलं, “गॅस संपलाय बहुतेक.”

काका हसले. “ताई, गॅस सरत नसते. पेट्रोल सरते, दूध सरते. हे बंद पायपातलं काम हाय. सरून कुठी जाईन? थे गयते.”

सरत नसते, गळते. वऱ्हाडी कानाला हे वाक्य साधंच आहे, पण माझे ७,५०० रुपये त्यात बसत होते.

मग त्यांनी बॉनेट न उघडता प्रश्न विचारायला सुरुवात केली. थंड होत नाही ते गाडी उभी असताना, की पळतानाही? (फक्त सिग्नलला गरम आणि पळताना थंड असेल तर बहुधा पुढचा कंडेन्सरचा पंखा गेलेला असतो, गॅसचा संबंध नसतो.) हवा कमी येते की गरम येते? (कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघायचा, तो धुळीनं बुजलेला असतो.) एसीचं बटण दाबल्यावर पुढून ‘टक्’ असा आवाज येतो का? (तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा आवाज.) पहिल्या वर्षी गॅस किती दिवस पुरला, दुसऱ्या वर्षी किती?

शेवटच्या उत्तरावर ते थांबले. पाच महिने, मग तीन, मग दोन. “भोक वाढून राह्यलं,” ते बाबांना म्हणाले. आजारी माणसाची हकीकत घेणाऱ्या जुन्या डॉक्टरसारखं चाललं होतं सगळं, आणि बाबांना ते आवडत होतं.

मग निळा आणि लाल असे दोन काटे असलेलं गेज लावलं. निळा कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. एसी बंद असताना दोन्ही काटे सारखेच दाखवतात, आणि त्या दिवसाच्या ४० अंशांत ते १३०च्या आसपास असायला हवे होते. दोन्ही ३०च्या खाली होते.

“कॉम्प्रेसर मेला नाई गुरुजी. गॅसच नाई म्हून थो लागत नाई. दाब कमी झाला का एक स्विच त्याले बंद ठेवते. तेल गॅससंगच फिरते ना, कोरडा फिरला तर जाम होईन.” म्हणजे मला जो बिघाड म्हणून सांगितला गेला, तो कॉम्प्रेसर वाचवणारा बंदोबस्त होता.

“मग गॅस टाकून बघता का?” मी विचारलं. गुरुवार डोक्यात होता.

“कुठून गयते ते भेटल्याशिवाय मी टाकत नाई.”

*

त्या शेडमध्ये मी दोन दिवस बसले. काम बघितलं, आणि मध्ये वेळ मिळाला की फोनवर वाचत राहिले. गाडीच्या एसीचा इतिहास हा थंडाव्याचा इतिहास असेल अशी माझी समजूत होती. वाचत गेले तसं लक्षात आलं की त्यातली निम्मी गोष्ट गळतीची आहे.

थंडावा तयार करण्याची युक्ती आपल्या ओळखीचीच आहे. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं तरी तेच, विदर्भातल्या घराघरातल्या कूलरमध्ये तेच, आणि मूर्तिजापूर ते बडनेरा आई दुपट्टा भिजवत होती तेव्हाही तेच. फक्त वाफ झालेलं पाणी परत मिळत नाही, सारखं नवं घालावं लागतं. अमेरिकेत १९३०च्या दशकात गाडीच्या खिडकीला बाहेरून अडकवायचे नळकांडीसारखे कूलर मिळत. त्यात पाणी भरायचं, गाडी पळाली की ओल्या जाळीतून गार वारा आत. कोरड्या वाळवंटी रस्त्यांवर ते चांगले चालायचे. दमट गावांत त्यांचा उपयोग नव्हता.

यंत्राची चतुराई अशी की ती वाफ परत पकडायची. पाण्याऐवजी अगदी कमी तापमानाला उकळणारा द्रव घ्यायचा. तो आत उकळतो आणि उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, बाहेरच्या जाळीत ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते, आणि चक्र पुन्हा सुरू. जेकब पर्किन्सनं अशा यंत्राचं पेटंट १८३४ साली घेतलं होतं. तोच द्रव वर्षानुवर्षं फिरत राहतो. अट एकच, चक्र बंद राहिलं पाहिजे.

ते बंद राहत नव्हतं. १९२०च्या दशकात घरगुती फ्रिज आले तेव्हा त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू असत. सगळे विषारी. फिरत्या भागांभोवतीची सीलं झिजायची आणि वायू स्वयंपाकघरात यायचा. बर्लिनमध्ये एक अख्खं कुटुंब अशा गळतीनं झोपेत गेलं, ती बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन हळहळले, अशी हकीकत सांगितली जाते. आइन्स्टाइन आणि त्यांचा तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांनी मग खरोखर फ्रिज बनवायला घेतला. हलणारा भागच नको, म्हणजे सील नको, म्हणजे गळती नको, हा त्यांचा विचार. त्यांना १९३० साली अमेरिकेत त्याचं पेटंटही मिळालं.

त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली नावाचा रसायनतज्ज्ञ याच प्रश्नाचं दुसरं उत्तर शोधत होता. गळती थांबवायच्या भानगडीत न पडता, गळणारा वायूच निरुपद्रवी करायचा. १९२८ साली त्याच्या गटानं क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांची संयुगं या कामासाठी निवडली. ती सीएफसी. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीनं हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेट घेत नाही, एका फुंकरीत दोन्ही सिद्ध. फ्रिऑन या नावानं तो बाजारात आला. आइन्स्टाइनचा फ्रिज दुकानात कधीच पोचला नाही.

(हाच मिजली त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढून बसला होता. पुढे त्याला पोलिओ झाला, अंथरुणातून उठण्यासाठी त्यानं दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं, आणि १९४४ साली त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला.)

*

काकांनी पाइपलाइनमध्ये नायट्रोजन भरला आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन एकेक जोड तपासायला लागले. आधी तेलकट डाग शोधायचे. गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. कॉम्प्रेसरच्या शाफ्टजवळ बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. रबरी नळ्यांच्या तोंडाशी फेस लावला, बुडबुडा नाही. पुढच्या कंडेन्सरवर नाही.

शोध या क्रमानं का, ते गाडीच्या एसीच्या जन्मातच आहे. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एका पोलादी डब्यात कायमचे बंद असतात. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे फिरणारा दांडा बाहेर काढावाच लागतो आणि त्याला सील लावावंच लागतं. इंजिन थरथरतं, म्हणून नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. वर खड्डे, ऊन, चिखल. आइन्स्टाइनला जे जे टाळायचं होतं, ते सगळं गाडीत एकत्र आलं.

पॅकार्ड कंपनीनं १९३९च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी दाखवली. त्याचे जादा २७४ डॉलर. थंड करणारा भाग मागच्या सीटमागे, त्यानं डिकीची बरीच जागा खाल्ली. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा हातानं काढायचा. दोन वर्षांत कंपनीनं तो गुंडाळला. १९५४ साली नॅश कंपनीनं सगळं सामान गाडीच्या पुढच्या भागात आणलं. बटणं डॅशबोर्डवर, विजेचा क्लच, किंमत ३४५ डॉलर. मी ज्या ‘टक्’ आवाजाची वाट बघत होते, तो तिथून सुरू होतो. १९६९पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत एसी होता.

या सगळ्या गाड्यांत सीएफसी-१२ होता, आणि त्या सगळ्या गळत होत्या. कुणालाच चिंता नव्हती. गळला तर पुन्हा भरायचा. वास नाही, धूर नाही, कुणी मरत नाही. ‘गॅस संपला, टाकून दिला’ या वाक्याचं मूळ मला इथे सापडलं.

*

संध्याकाळपर्यंत बॉनेटखाली काही सापडलं नाही, पण नायट्रोजनचा काटा हळूहळू उतरत होता. राहिली एकच जागा. “डॅशबोर्ड खोला लागते,” काका म्हणाले. मला वाटलं आता खर्च वाढवत नेणार. त्यांना ते कळलं असावं. “ताई, उद्या सकाळी या. तुमच्यासमोर खोलतो.”

सकाळी स्टिअरिंगपासून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत सगळं प्लास्टिक खाली उतरलं. आतून निघाला एव्हॅपोरेटर, वहीएवढी अॅल्युमिनियमची जाळी, जिथे गॅस उकळतो आणि हवा गार होते. जाळीच्या पाकळ्यांत कडुनिंबाची कुजलेली पानं आणि चिखल. केबिन फिल्टरची जागा रिकामी होती. कधीतरी कुणीतरी तो काढला आणि परत घातलाच नव्हता. एसी चालला की जाळीवर पाणी जमतं, त्यात पाला-माती भिजत राहते, आणि ओला कचरा वर्षानुवर्षं धातू खातो.

काकांनी जाळीची तोंडं बंद करून तिच्यात हवा भरली आणि ती पाण्याच्या टबात बुडवली, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी. खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक सर वर यायला लागली. टाचणीच्या टोकाएवढं भोक.

बाबा खुर्ची ओढून टबाजवळ आले. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “साडेसात हजार रुपये इथून गेले.”

*

रुपये गेले, पण गॅस कुठे गेला? हा प्रश्न १९७० नंतर दोन माणसांनी विचारला. कॅलिफोर्नियात शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हिशेब मांडला की जगभर बनलेला सीएफसी आज ना उद्या हवेत येतो, आणि खाली त्याला मोडणारं काही नाही. म्हणजे तो वर जात असणार. तिथे अतिनील किरणांनी तो फुटतो आणि सुटलेलं क्लोरीन ओझोन खातं. हा निबंध १९७४ साली छापून आला. उद्योगांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला. १९७८ साली अमेरिकेनं स्प्रेच्या डब्यांत सीएफसी वापरायला बहुतांशी बंदी घातली, पण गाड्यांचे एसी तसेच चालू राहिले. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थरात मोठी घट झाल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. रोलंड आणि मोलिना यांना, पॉल क्रुत्झेन यांच्यासोबत, १९९५ साली नोबेल मिळालं.

करारावर भारतानं लगेच सही केली नाही. म्हणणं सरळ होतं. भोक श्रीमंत देशांच्या फ्रिज आणि गाड्यांनी पाडलं, आमच्याकडे या वस्तू आत्ता कुठे येतायत. तेव्हा भरपाई आणि नवं तंत्रज्ञान द्या. १९९०च्या लंडन बैठकीत मनेका गांधी यांनी पर्यावरण मंत्री म्हणून ही बाजू लावून धरली. तिथे विकसनशील देशांसाठी निधी उभा राहिला आणि १९९२ साली भारत करारात आला.

आपल्याकडे ‘आत्ता कुठे’ हे अगदी खरं होतं. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली. गाड्यांचे एसी देशात बनवणारी सुब्रोस कंपनी १९८५ची. काकांनी त्याआधीचे दिवस पाहिलेत. तेव्हा ते मुंबईत एका दुकानात पोऱ्या होते आणि अँबेसेडर, फियाटच्या डॅशबोर्डखाली एसीचा डबा टांगायचे. “फियाटले एसी लावला का चढावर बंद करा लागे. इंजिनले जोर पुरत नोता.”

“आणि दुरुस्तीच्या वेळी आतला गॅस?”

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. “खरं सांगू का? नळी ढिली कराची अन् सोडून द्याचा हवेत. फुस्स. दिवसातून चार-पाच गाड्या. कोन इचारते? मंग दोन हजार पाच-सहाच्या टायमाले सरकारी ट्रेनिंग झालं. थ्या सायबानं ओझोनचं चित्र दाखवलं. म्या म्हटलं, सायब, यातलं थोडंसं भोक माह्यंबी हाय.”

शेडच्या भिंतीवर, देवांच्या फोटोंशेजारी, त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं आहे. सीएफसी हटवण्याच्या राष्ट्रीय योजनेत देशभरच्या हजारो मिस्त्रींना असं शिकवलं गेलं. गॅस हवेत सोडायचा नाही, सिलिंडरमध्ये परत घ्यायचा. आधी गळती शोधायची, मग भरायचा. नव्या उपकरणांत सीएफसी वापरायला भारतात १ जानेवारी २००३पासून बंदी आली आणि १ जानेवारी २०१०पासून त्याचा वापर जवळपास संपला. माँट्रियलला झालेला करार पाळायचा तर तो शेवटी अशा पत्र्याच्या शेडमध्ये, पान्यानं नळी सोडणाऱ्या हातानंच पाळायला लागतो. इतिहासाच्या पुस्तकात सह्या करणाऱ्यांचे फोटो असतात. मी वर्गात तेच दाखवत आले.

करार कामी आला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२च्या अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर परत येईल.

*

पण गोष्ट इथे संपत नाही. सीएफसीच्या जागी गाड्यांत जो आला, तो १३४ए. बाबांच्या गाडीत तोच आहे, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही. मात्र हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट जोरकस आहे.

टबातल्या बुडबुड्यांकडे बघत मी फोनवर हिशेब केला. गाडीत ४०० ग्रॅम गॅस बसतो. तो सगळा गळला म्हणजे सुमारे ५७२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे एकदा भरलेला गॅस गळणं हे जवळजवळ २५० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं झालं. आम्ही तो तीनदा घालवला. बाबा गाडी जपून चालवतात, उतारावर अॅक्सिलरेटर दाबत नाहीत, आणि त्यांची सगळी काटकसर एका भोकातून गेली.

आता पुन्हा गॅस बदलतोय. युरोपात २०१७पासून नव्या गाड्यांत १३४ए चालत नाही. तिथे १२३४वायएफ आला. तो हवा फारशी तापवत नाही, पण थोडा ज्वलनशील आहे, आणि विघटन झाल्यावर त्यातून पाण्यात दीर्घकाळ टिकून राहणारं एक आम्ल तयार होतं, त्यावर वाद चालू आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला १३४एच्या जातीच्या वायूंचा वापर २०२८ला गोठवायचा आहे आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. आणि स्वस्ताईच्या पोटी जुने वायूही वेश बदलून परत येतात. २०११ साली जहाजांवरच्या काही शीतकंटेनरांचे स्फोट होऊन तीन कामगार गेले. त्यांत १३४ए म्हणून भरलेल्या बनावट गॅसमध्ये मिथिल क्लोराइड निघालं, १९२०च्या दशकातल्या फ्रिजमधलं तेच.

दर वेळी आपण मिजलीचं उत्तर निवडत आलो. वायू बदलला आणि गळू दिला. दुसरं उत्तर, गळतीच थांबवायचं, कंटाळवाणं आहे. त्यात डॅशबोर्ड खोलावा लागतो.

*

नवा एव्हॅपोरेटर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, रिसीव्हर ड्रायर, सगळ्या जोडांचे नवे ओ-रिंग आणि केबिन फिल्टर. मग पाऊण तास व्हॅक्यूम पंप. आत ओलावा राहिला तर बारीक छिद्रात बर्फ धरतो आणि पुढे आम्ल होऊन पुन्हा धातू खातो. पंप बंद केल्यावर काकांनी अर्धा तास काही केलं नाही. नुसता काटा हलतो का ते पाहिलं, चहा मागवला. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून मोजून ४०० ग्रॅम गॅस भरला. अंदाजानं जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो, हे मला तेव्हा कळलं.

इंजिन चालू केलं, बटण दाबलं. टक्.

जाळीत खोचलेला थर्मामीटर उतरत ११ अंशांवर थांबला. बाहेर ४२ होते. बिल झालं ९,४०० रुपये. तीन उन्हाळ्यांच्या गॅसपेक्षा १,९०० जास्त आणि सांगितलेल्या कॉम्प्रेसरच्या निम्म्याहून कमी.

निघताना बाबांनी जुना एव्हॅपोरेटर मागून घेतला. काकांनी तो पिशवीत घालून दिला आणि म्हणाले, “गुरुजी, पुढच्या उन्हाळ्यात गॅस टाकाले येऊ नका. चहा प्याले या.”

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. तळेगावच्या पुढे बाबांनी आईला पंखा एकवर करायला सांगितला, गार लागतंय म्हणाले. मग कोंढाळी येईपर्यंत ते मला १८५७बद्दल मी वर्गात काय चुकीचं शिकवते ते समजावून सांगत होते. मी ऐकून घेत होते.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. परवा मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चहा प्यायला गेलो. काकांनी न विचारताच गेज लावलं. दोन्ही काटे जिथे असायला हवे तिथे होते.